मळाईची भिंत

मळाईच्या देवळात चुली कुणाच्या फौजेने मांडल्या याबद्दल मांजरीत दोन मतं होती. कुणी म्हणे, येरवड्याच्या उतारावर लढाई झाली तेव्हा इंग्रजांच्या पलटणीतले शिपाई आत शिरले. कुणी म्हणे, कसले इंग्रज, पळत आलेले आपलेच स्वार होते. त्यांनी गेनबा गुरवाला रामराम घातला आणि त्याच्याच घरचं पीठ नेलं. खरं काय ते आता कळायला मार्ग नाही. त्यांनी सरपण म्हणून देवळाचं दार जाळलं आणि गाभाऱ्यातच भाकरी भाजल्या, एवढं मात्र नक्की. धुराने आणि आचेने मागच्या भिंतीचा गिलावा फुगला. पुढे एके सकाळी गेनबा झाडायला गेला, तर भिंतीवरची देवी खपल्याखपल्यांनी जमिनीवर पडलेली.

मळाई म्हणजे तसा शेंदूर फासलेला एक तांदळा. त्या दगडाला ना नाक ना डोळे. पण त्याच्यामागच्या भिंतीवर देवी रंगवलेली असे आणि गाव दर्शन घ्यायचं ते तिचं. दगड तिचं अंग आणि भिंत तिचं तोंड, असं मांजरीत म्हणत. गेनबाने त्या खपल्या सुपात भरल्या आणि नदीत सोडल्या. टाकायच्या कशा, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

शिमगा झाल्यावर गाव पारावर बसलं. तोवर सिंहगड पडला होता, पुरंदर पडला होता. पुण्यात शनिवारवाड्यावर परका बावटा लागून हिवाळा उलटला होता. श्रीमंत कुठेतरी गोदावरीपलीकडे पळत होते. ते वळून येतील असं अजून काहीजण म्हणत, पण पूर्वीसारखं मोठ्याने नाही.

"राजाच ठिकाणावर न्हाई," एक म्हातारा म्हणाला, "मग यंदा जत्रा कुणाच्या नावानं भरवायची?"

"जत्रा काय राजाच्या नावानं भरती व्हय?" मागून आवाज आला. ती मथुराबाई, जयसिंग पाटलाची आई. गावात तिच्याहून म्हातारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे ती बायकांत बसून पुरुषांत बोले. "राजा पळतोय म्हून आई बी पळाली का? ती हाय तितंच हाय. तिला तोंड द्या."

"आन सायबानं जाब इचारला तर?"

"इचारला तर सांग, आमची आई हाय. तुज्या बाचं काय जातंय?"

लोक हसले. कित्येक महिन्यांत पारावर कुणी हसलं नव्हतं. तिथेच ठरलं की चैत्री पुनवेला जत्रा भरवायची आणि त्याआधी भिंत लिहून घ्यायची, म्हणजे देवी पुन्हा रंगवून घ्यायची. दुसऱ्या दिवशी जयसिंग पाटील चिताऱ्याला बोलवायला पुण्याला निघाला.

मळाईची भिंत लिहिण्याचा मान नारायण पेठेतल्या एका जिनगराच्या घराण्याकडे होता. जिनगर म्हणजे खोगिरं करणारे, पण या घराने कधीकाळी खोगीर सोडून कुंचला धरला होता. दत्तोबा या घरचा आताचा कर्ता. आता पडलेली भिंत त्याच्या वडिलांनी लिहिलेली होती, त्याआधीची आजोबांनी. चितारी डोळे सोडून सगळी देवी काढी. मग गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला आणून भिंतीसमोर बसवत. ती पाहून म्हणे, "आपली आई हाय." तिने तसं म्हटल्यावरच चिताऱ्याने डोळे द्यायचे. ती म्हणाली नाही, तर भिंत खरवडायची. कुणी म्हटलं नाही असं मात्र आजवर झालं नव्हतं.

"थोरल्या चिताऱ्यांनी लिवली तशीच पायजे," जयसिंग दत्तोबाच्या ओटीवर बसत म्हणाला. "तशी म्हंजे तशी."

"तशीच होईल, पाटील."

"त्यांचा खाका असंलच की तुमच्यापाशी."

दत्तोबाने पाण्याचा तांब्या पुढे केला. "हाताला पाठ आहे," तो म्हणाला.

खाका म्हणजे हरणाच्या कातड्यावर सुईने टोचलेलं चित्र. ते भिंतीला लावून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटली की भिंतीवर ठिपके उमटतात आणि त्या ठिपक्यांवरून रेघ ओढायची. मळाईचा खाका आजोबांच्या हातचा होता. तो आता दत्तोबाकडे नव्हता.

त्याचं असं झालं होतं. दत्तोबाची उमेदीची वर्षं संगमावर, इंग्रज वकिलाच्या बंगल्यात गेली होती. तिथे एक गोरा चितारी होता. त्याला इथली देवळं, घाट, हत्ती, सरदार असं सगळं कागदावर उतरवून हवं असे आणि एकट्याच्या हाताने ते उरकत नसे. त्याने दत्तोबाला हाताशी धरलं आणि मनापासून शिकवलं. तो माणूस वाईट होता असं दत्तोबा पुढेही कधी म्हणाला नाही. नवा कागद समोर ठेवला की तो दुभाष्यातर्फे पहिला प्रश्न एकच विचारी: उजेड कुठून येतो आहे? आधी ते ठरवायचं, मग रेघ. एका गालावर उजेड, दुसऱ्यावर अंधार, पायाशी सावली. असं काढलं की कागदावरचा हत्ती खरोखर वजनदार दिसू लागे. दत्तोबाला पहिल्यांदा तसा हत्ती जमला तेव्हा तो घरी येऊन जेवला नव्हता, इतका आनंद झाला होता.

त्या गोऱ्याने एकदा जुने नमुने मागितले. उतरवून घेतो आणि परत देतो, म्हणाला. दत्तोबाने घरातले सगळे खाके नेऊन दिले, मळाईचासुद्धा. मग मागू मागू म्हणता राहून गेलं. खडकीवर लढाई जुंपली त्या दिवशी आपल्या लोकांनी संगमावरचा बंगला पेटवला. नारायण पेठेतून, नदीच्या अंगाला, धूर स्पष्ट दिसत होता. लोक घाटावर जमले होते, ओरडत होते, कुणीतरी गूळ वाटत होतं. दत्तोबाही ओरडला. हातावर पडलेला गुळाचा खडा त्याने तोंडात टाकला, आणि मग त्याला खाके आठवले. तोंडातला गूळ थुंकवेनाही आणि गिळवेनाही. त्याला तेव्हा नेमकं काय वाटलं असेल, ते मी अंदाजानेच सांगतो आहे.

पाटील येऊन गेल्याला दोनतीन दिवस झाले असतील, तोच श्रीनिवासपंत आले. पंत पूर्वी वाड्यात दफ्तरात कारकून होते. आता ते त्याच दफ्तरात साहेबाचं काम करत.

"काय दत्तोबा, देवीचं काम धरलंस म्हणे," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "उत्तम. देवी बिदागी देत नाही, पण चुकाही काढत नाही."

"बसा तरी, पंत."

"बसायला सवड कुठली. नव्या साहेबाला वाड्याचं चित्र हवंय. संगमावर तू काढायचास त्या तऱ्हेचं. नदीच्या बाजूने बुरूज, आणि वर बावटा. बावटा ठळक हवा, असं दोनदा बजावलंय."

"आणि आत माणसं?"

"आत कोण आहे काढायला? कबुतरं काढ."

दत्तोबा म्हणाला, "पंत, तुम्हाला जड जात नाही? तेच दफ्तर, तीच बैठक..."

"जातं ना. पण मी जागा सोडली नाही. धनी बदलला, मी तिथेच आहे. हे एवढं साधं श्रीमंतांना जमलं नाही." पंत हसले, पण हसू ओठांपाशीच थांबलं. "जत्रा होईपर्यंत विचार कर. साहेबाला काय, चितारी पुष्कळ मिळतील. सावली पाडणारे थोडे आहेत म्हणून तुझं नाव घेतलं."

ते गेल्यावर दत्तोबाची बायको शकू आतून बाहेर आली. सरदारांचे वाडे ओस पडले होते. लग्नकार्यात भिंती रंगवून घेणारं कुणी राहिलं नव्हतं. हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने एवढंच विचारलं, "खाका नाही हे सांगितलंत पाटलांना?"

"काढीन तर खरी," दत्तोबा म्हणाला. "लहानपणापासून पाहिलेली देवी. ती कुठे जाते?"

चैत्र लागला तसा तो रंगांची गाठोडी घेऊन मांजरीला गेला. लाल हिरमुजी, पिवळी पेवडी, नीळ, काजळ, खलबत्ता, डिंक, खारीच्या शेपटीचे कुंचले. गेनबाने नवा गिलावा करून ठेवला होता. दत्तोबाने तो दगडाने घोटघोटून आरशासारखा केला. त्या कामात त्याला बरं वाटलं. दारच जळालेलं असल्यामुळे गाभाऱ्यात पूर्वी कधी नव्हता इतका उजेड येत होता. वडिलांनी समईच्या उजेडात काम केलं होतं. याला समईची गरजच पडली नाही.

रेघ सुरेख उतरली. उभी देवी, हिरवं लुगडं, एका हातात कणीस, दुसऱ्या हातात त्रिशूळ. लुगड्याच्या निऱ्या अशा पडल्या की गेनबा बोट लावून पाहायचा मोह आवरत उभा राहिला. "वारा आला तर हलतील ह्या," तो म्हणाला. दत्तोबाला वाटलं, गेलं नाही काही. हात अजून घरचा आहे.

डोळे तेवढे ठेवून त्याने निरोप धाडला. दिवस मावळायच्या आत गाव जमलं आणि मथुराबाईला धरून आणून भिंतीसमोर बसवलं. ती बराच वेळ पाहत राहिली.

"लई देखणी झाली," ती म्हणाली.

लोकांत हलकी कुजबुज झाली. जयसिंगाने मिशीवरून हात फिरवला. पण ती नेमकं जे म्हणायला हवं ते म्हणाली नव्हती.

"दत्तू," ती म्हणाली, "ही उन्हात उभी हाय का रं?"

"म्हणजे, आजी?"

"तिच्या पायाबुडी ते काळं काय हाय?"

दत्तोबाने पाहिलं. देवीच्या पायांपासून उजव्या अंगाला, जमिनीवर पसरलेली, कडेला विरत गेलेली सावली होती. ती त्याने स्वतः काढली होती. काजळात थोडी हिरमुजी घालून तो रंग मुद्दाम केला होता. आणि काढताना ती त्याला दिसली नव्हती. जळालेल्या दारातून उजेड डावीकडून येत होता. सावली अगदी बरोबर पडली होती.

"देवाला सावली असती व्हय?" मथुराबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "सावली तुला-मला. जे मरतंय त्याला सावली. हिला सावली पडली तर ही बी आमच्यावानीच झाली की रं."

"पुसतो, आजी. आत्ता पुसतो."

त्याने तिथल्या तिथे चुन्याचा हात देऊन सावली झाकली आणि मागे सरून पाहिलं. पायाखालचा आधार गेल्यावर, एका गालावर अंधार आणि निऱ्यांत उजेड घेऊन उभी असलेली ती बाई भिंतीवर लोंबकळत होती. त्या हिवाळ्यात हडपसरच्या वाटेवर एका चिंचेला दोन माणसं टांगलेली गावाने पाहिली होती. ती कुणी टांगली याबद्दलही दोन मतं होती. मागून एक बाई नको ते बोलून गेली: "चिंचंवरच्या मानसावानी दिसती." दुसरीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"खरवडा," जयसिंग म्हणाला.

दुसऱ्यांदा दत्तोबाने दाराच्या जागी तट्ट्या बांधल्या, समया लावल्या आणि कुंचला धरला. सावली काढली नाही. तो डोळ्यांत तेल घालून स्वतःच्या हातावर पहारा करत राहिला. पण पायाशी पहारा असला की हात गालाकडे जाई. देवीचं तोंड समोर राहीना, किंचित वळे. गेनबा फुलं घेऊन आला आणि पाहत उभा राहिला.

"ही कुनीकडं वळलीया?"

"कुठे वळली?"

"दाराकडं. कुणाची तरी वाट बघत्यावानी." गेनबा जरा घोटाळला. "पयली आई अशी न्हवती. मी हितं उभा ऱ्हायलो तरी माज्याकडं, तितं गेलो तरी माज्याकडं."

दत्तोबाने ती स्वतः खरवडली. तिसरीच्या वेळी त्याने सगळं दाबून धरलं. वळण नाही, गोलाई नाही, एकाच रंगाचा एकच हात. ती लाकडी बाहुलीसारखी झाली. ती कुणाला न दाखवताच त्याने पुसून टाकली. डोळे मिटले की त्याला वडिलांची देवी आठवे. लाल तोंड, हिरवं लुगडं, रुंद कपाळ. पण ती तशी का दिसायची हे हाताला सांगता येत नव्हतं. वडिलांनी उजेडाबद्दल त्याला कधी एक शब्द सांगितला नव्हता. त्यांच्या देवीवर उजेड कुठूनच येत नसे. आणि दत्तोबाने आता काहीही पाहिलं, झाड पाहो, बैल पाहो, की आधी त्याला उजेडाची बाजू दिसे. ते न दिसण्याचा उपाय त्याला कुणी शिकवलेला नव्हता.

तो पाटलाच्या घरी गेला आणि त्याने खाक्याचं सांगितलं.

जयसिंग बैलाला वैरण घालत होता. त्याने पेंढी खाली ठेवली. "म्हंजे आमची आई तुमी सायबाच्या घरात नेऊन ठेवली."

"परत देणार होता तो."

"आन आपल्याच लोकांनी ती जाळली."

"हो."

"आन तुमी बगत हुता?"

"घाटावर होतो. सगळे ओरडत होते. मीही ओरडलो. गूळसुद्धा खाल्ला, पाटील."

जयसिंगाने हातातली वैरण झटकली. त्याला खूप काही बोलायचं होतं, पण तोही त्या दिवशी आपल्या गावच्या टेकाडावर उभा राहून ओरडला होता. धूर तिथूनही दिसला होता.

"आता सांगा तुमीच," तो शेवटी म्हणाला. "पुनव आली. दुसरा चितारी आणला तर मान मोडतो. तुमाला जमंना. गावाला काय सांगू? राजा बी गेला आन आई बी गेली?"

ओसरीवर मथुराबाई तांदूळ निवडत होती. ती वर न पाहता म्हणाली, "आमी काढतो."

"कोन आमी?"

"आमी. बायका."

गेनबाला हे कळलं तेव्हा तो धावत आला. "बायकांनी आईची भित लिवायची रीत न्हाई, मथुराबाई. असलं कदी झालं न्हाई."

"नागपंचमीला भितीवर नाग कोन काढतं?"

"ते घरातलं झालं."

"पाचवीला पोराच्या उशाशी सटवाई कोन काढतं? तुजा बा?"

जयसिंगाला हसू आलं आणि त्याने ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहासात बायका देवळात आल्या. कुंचल्याला कुणी हात लावला नाही. काडीला चिंधी गुंडाळली, नाही तर सरळ बोटं बुडवली. एकीने मधोमध उभी रेघ ओढली, दुसरीने तिला खांदे दिले. आपसांत वाद घालत, एकमेकींना ढकलत त्यांनी देवी उभी केली. देवळात शेणमातीचा आणि डिंकाचा वास भरला होता. दत्तोबा बाहेर ओट्यावर खल घेऊन बसला होता. त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं, ये म्हटलं नव्हतं.

"चितारी, लुगड्याला हिरवं पायजे," एक बाई दारातून म्हणाली.

"नीळ आणि पेवडी एकत्र करा. पेवडी जास्त."

"तुमीच करून द्या की."

त्याने करून दिलं. देताना आत नजर गेली. देवीचा डावा हात उजव्याहून लांब झाला होता आणि कोपर भलत्याच जागी वाकलं होतं. त्रिशूळ दाताळ्यासारखा दिसत होता. त्याच्या बोटांना नुसती कळ आली. एकाच रेघेने ते कोपर जागेवर आलं असतं. त्याने जवळचा कुंचला उचलला, थोडा वेळ धरला, आणि परत पाण्यात ठेवला.

संध्याकाळी जयसिंग पाहायला आला. तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"थोरल्या चिताऱ्याच्या हाताची सर न्हाई," तो म्हणाला.

"न्हाईच," मथुराबाई म्हणाली. "ती कुटली येती आता."

पुनवेच्या पहाटे डोळे द्यायचे होते. फटफटत होतं. गाभाऱ्यात बायका भिंतीला लागून बसल्या होत्या, पुरुष दाराबाहेर. मथुराबाईने दत्तोबाला आत बोलावलं आणि काजळाची वाटी त्याच्या पुढे केली.

"डोळं तुजं. तेवढा मान तुज्या घरचा. तो कुनी घ्यायचा न्हाई."

दत्तोबाने कुंचला भिजवला. भिंतीवरच्या त्या आडव्यातिडव्या, लांब हाताच्या बाईसमोर तो उभा राहिला. तिला तोंड होतं, डोळ्यांच्या जागी नुसता लाल रंग होता. कसे डोळे द्यायचे ते त्याला माहीत होतं. संगमावर त्याचे डोळेच सगळ्यांत वाखाणले जात. बुबुळात थेंबभर पांढरं राखायचं, म्हणजे डोळ्यात उजेड पडल्यासारखा दिसतो आणि चित्रातला माणूस जिवंत होतो. उजेड मात्र कुठल्या तरी एका बाजूने पडावा लागतो. त्याने हात उचलला. हात दाराकडे पाहत होता.

त्याने कुंचला खाली आणला.

"आजी, तुम्ही द्या."

"एवढ्या अंधारात मला कुटं रं दिसतंय."

"म्हणूनच," असं त्याच्या तोंडावर आलं होतं, पण ते उद्धट झालं असतं. तो म्हणाला, "माझ्याने होणार नाही."

मथुराबाईने त्याच्याकडे पाहिलं. बाकीच्या बायका खाली पाहत होत्या. मग तिने काजळात अंगठा बुडवला, दोघींनी तिला धरून उभं केलं, आणि तिने भिंतीवर अंगठा टेकवला. एकदा. मग चाचपत दुसऱ्यांदा. एक डोळा वर गेला, एक खाली राहिला. काजळाचा ओघळ एकाच्या कडेने खाली आला. तो पुसायला कुणी पुढे झालं नाही.

ती खाली बसली, धाप लागली होती. रीतीप्रमाणे आता तिने म्हणायचं होतं. पण ती दत्तोबाकडे वळली.

"मी लिवली, मीच कशी सांगू? तू सांग. हाय का?"

दत्तोबाने पाहिलं. दोन काळे ठिपके समोर पाहत होते. तो डावीकडे सरकला, ते त्याच्याकडे पाहत राहिले. उजवीकडे सरकला. तिथेही.

"आहे," तो म्हणाला.

सगळे थांबले होते. "आपली आई हाय" असं पुरतं म्हणायचं असतं, हे त्याला आजोबांच्या वेळेपासून ठाऊक होतं. पण पुढचे शब्द काही केल्या त्याच्या तोंडून निघेनात. मग बाहेरून गेनबाच म्हणाला, आणि त्याच्यामागून बाकीचे.

त्या वर्षी जत्रेला पाळणे आले नाहीत, मिठाईवाले आले नाहीत. हडपसरकडून थोडे लोक आले, तेही वाटेवरच्या चौकीवर नावं सांगून. पण संध्याकाळच्या आरतीला देवळासमोर उभं राहायला जागा उरली नाही. दत्तोबा रात्री परत निघणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी ये, असा पंतांचा निरोप आला होता आणि त्याने येतो म्हणून कळवलं होतं. वाडा सकाळी काढलेला बरा. उगवतीचा उजेड बुरुजांवर तिरका पडतो. हे त्याने आधीच ठरवून टाकलं होतं, न ठरवता.

आरती सुरू झाली तसा तो लोकांच्या मागोमाग येऊन दारात उभा राहिला. टाळ वाजू लागले. त्याच्या मागून कुणीतरी मशाल उंच धरली. गाभारा उजळला, तांदळ्याचा शेंदूर चमकला, आणि मागच्या भिंतीवर, देवीच्या पायांच्या बरोबर खाली, एक लांब काळी सावली पडली.

मथुराबाई पुढेच बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"दत्तू," ती म्हणाली, "जरा बाजूला हो, बाबा."

तो बाजूला झाला. सावली भिंतीवरून सरकली, उंबऱ्यावरून बाहेर आली. आरती संपेपर्यंत तो देवळाच्या कडेला, मशालीचा उजेड पोचत नव्हता तिथे, उभा राहिला.